गंबुसिनो

मलेरियावाला प्लॅस्टिकच्या पिशवीतले मासे आमच्या परसातल्या विहिरीत सोडत होता, तेव्हा आजी रहाटापाशी उभी होती.

"गप्पी का रे?"

"नाही आजी, गंबुशिया."

आजीने त्यांचं सरळ 'गंभू' करून टाकलं आणि रोज शितं टाकायला लागली. डास खायला आलेल्या पाहुण्यांना भात!

मी काठावरून वाकून बघत बसे. राखाडी, बोटाच्या दोन पेरांएवढे. तोंड असं वर वळलेलं, की पाण्याच्या पातळीलगतची डासाची अळी आयती सापडावी. मादीच्या पोटाशी काळा डाग. पोटुशी असली की तो आणखी गडद. अंडी घालायची भानगडच नाही, पोहती पिल्लंच जन्माला येतात.

गंबुशिया हे नाव मूळचं क्युबातलं. तिथे मासेमारीत हाताला काहीच लागलं नाही, की थट्टेने म्हणायचे, 'गंबुसिनो' पकडले. फेलिपे पोए या शास्त्रज्ञाने १८५४ मध्ये त्यावरूनच या प्रजातीचं नाव ठेवलं. मिस्कील असला पाहिजे माणूस.

या 'काहीच नाही'ने पुढे जग काबीज केलं. १९०५ मध्ये टेक्सासहून हवाई, १९२८ मध्ये इटलीहून भारत. पण डासांच्या अळ्यांवर यांचं पोट भरत नाही. बेडकांची पिल्लं, इतर माशांची अंडी, काही सुटत नाही. मोठ्या माशांचे पर कुरतडतात ते वेगळंच. आमच्या विहिरीत पुढच्या पावसाळ्यात बेडकांची पिल्लं दिसली नाहीत. आजीने दोष मात्र पावसाला दिला.

घरच्यांनाही यांनी सोडलं नाही. टेक्सासात रिओ ग्रांदेच्या काठी, बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात, कोमट झऱ्यांच्या पाण्यात याच प्रजातीची एक जात राहते. जगात दुसरीकडे कुठेच नाही. आधीच झरे आटत चाललेले, त्यात हे डासखाऊ भाऊबंद घुसले. १९५६ मध्ये त्या ओसरत्या गोतावळ्यातून तीन मासे उचलून नेले आणि जपले: दोन नर, एक मादी.

आज त्या जातीचे जेवढे मासे आहेत, ते सगळे त्या एका मादीचे वंशज आहेत.