वाचता आलं नाही, हेही उत्तर

बारकोड आपल्या आयुष्यात बिस्किटाच्या पुड्यावरून येतो. पुढे तो पुस्तकाच्या मलपृष्ठावर भेटतो, बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याची ओळख झाकतो आणि एखाद्या दिवशी रुग्णालयात रक्ताच्या पिशवीवर दिसतो. चुकीच्या वाचनाची किंमत मात्र टप्प्याटप्प्याने वाढत जाते. पुड्याचा भाव चुकला तर चार रुपयांचा प्रश्न. उत्तरपत्रिका चुकली तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर पडतात. म्हणून स्कॅन केलेल्या कागदावरचा बारकोड वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची पारख ते शंका आल्यावर थांबतं का, यावरून करावी, असं मला ठामपणे वाटतं.

शंकेची कारणं कागदावरच असतात. जून १९७४ मध्ये ओहायोतल्या ट्रॉय इथल्या दुकानात च्युइंगगमचं पाकीट स्कॅन झालं, तेव्हा लेसर थेट छापील रेघांवरून फिरला होता. स्कॅन केलेल्या प्रतिमेत मात्र ठिपकेच उरतात. पुस्तकावरच्या तेरा अंकी बारकोडची सर्वांत बारीक रेघ मूळ आकारात ०.३३ मिलिमीटरची. इंचाला १०० ठिपके घेतले, तर तिच्या वाट्याला जेमतेम सव्वा ठिपका येतो. त्यात कागद तिरका, शाई फुटलेली असली की काळं कुठे संपलं हे अंदाजानंच ठरवावं लागतं. या अंदाजावर अंकुश म्हणून तेरावा अंक असतो. आधीच्या बारा अंकांना आलटूनपालटून १ आणि ३ नं गुणून बेरीज करायची; ती दहाच्या पटीत नेणारा अंक शेवटी छापायचा. कोणताही एकच अंक चुकला, की ताळा हमखास बिघडतो.

हा ताळा परिपूर्ण नाही, हा आक्षेप खरा आहे. शेजारशेजारचे अंक उलटून २७ चे ७२ झाले तरी तो जुळतोच. पण म्हणूनच सावधपणा वाढवायला हवा: त्याच रेघा अनेक ठिकाणी आडव्या वाचाव्यात आणि आलेला क्रमांक मूळ यादीत आहे का, तेही पाहावं. दुसरा आक्षेप वेळेचा. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल रखडले, तेव्हा विद्यार्थ्यांची झालेली तगमग आठवली की घाई समजते. तरीही नाकारलेला कागद कुणीतरी हातात घेतंच. चुकीचा वाचलेला बिनबोभाट पुढे जातो. पहिल्याची किंमत संस्था मोजते, दुसऱ्याची मोजतो तो निर्दोष विद्यार्थी.

म्हणून असं सॉफ्टवेअर घेणाऱ्या प्रत्येक संस्थेनं विक्रेत्याला आधी हे विचारावं: ते चुकीचं किती वाचतं, आणि न वाचलेले कागद कुणाच्या हातात जातात?