कोयनेचा छेद

कोयना धरणाचा उभा छेद मी विद्यार्थी असल्यापासून काढत आलो आहे. पाण्याकडची बाजू जवळजवळ सरळ. मागची बाजू वरून थोडी कललेली येते आणि मग एका ठिकाणी तिचा कल एकदम वाढतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाला आडवे तडे गेले ते त्याच पातळीच्या आसपास. त्यामुळे या आकृतीत तो कोपरा नेमका आणि स्वच्छ दिसलाच पाहिजे.

कॉलेजात ती ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने काढली. पेनांच्या जाडीचा क्रम ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर असा असे, आणि त्यामागे हिशोब होता. ए-३ चा कागद ए-४ वर आणला की सगळी मापं सुमारे ०.७ पट होतात आणि ०.५ ची रेघ आपोआप ०.३५ ची होते. पुढे कागद लहान होणार, हे रेघ ओढतानाच ध्यानात घेतलेलं. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्याविषयी मला आजही आदर वाटतो.

प्रबंध लिहिला तो लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत. समीकरणं बघत राहावीत अशी बसायची; आकृत्या मात्र एक्सफिग या रेखाटनाच्या प्रोग्राममध्ये काढून ईपीएस या प्रकारच्या फाइलीत बदलाव्या लागत. तशी एक फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली आणि हरखून गेलो. आत सगळा मजकूरच होता: या बिंदूवर जा, तिथपर्यंत रेघ धर, आता ती उमटव. अडोबीने १९८४ मध्ये आणलेली पोस्टस्क्रिप्ट भाषा ती हीच. धरणाची प्रत्येक कड आकड्यांत लिहिलेली. सुरुवातीला बाउंडिंग बॉक्सचे चार आकडे, डावा खालचा कोपरा आणि उजवा वरचा. लाटेक त्यांच्यावरूनच आकृतीला जागा देतं. ते चुकले की धरणाचा पाया खालच्या परिच्छेदावर चढलाच म्हणून समजा.

अशी आकड्यांतली रेघ कितीही मोठी केली तरी तिची धार जात नाही. जेपेगचं तसं नाही. ते छायाचित्रांसाठी आहे. चित्राचे ८×८ बिंदूंचे चौकोन पाडून त्यातले बारकावे गाळतं. आभाळाच्या फोटोत ते कळतही नाही, पण काळ्या रेघेच्या कडेला राखाडी डाग उमटतात. एका प्रकाशकाने माझ्या सगळ्या आकृत्या जेपेग करून छापल्या. कोयनेच्या छेदातला तो कोपराच पुसट झाला. सांगायचं होतं ते नेमकं तिथे. त्याचं दुःख मला अजून आहे.

आता रेखाटनासाठी इंकस्केप हा प्रोग्राम वापरतो. त्यात पीडीएफ करताना अक्षरं वगळून लाटेकसाठी वेगळ्या फाइलीत ठेवता येतात. रेघा पीडीएफमधून येतात, अक्षरं लाटेक स्वतः त्यांच्यावर बसवतं. समीकरणातला घनतेचा रो आणि आकृतीतला रो मग एकाच वळणाचे, एकाच मापाचे दिसतात. वाचणाऱ्याला दोन्हींचं नातं सांगावं लागत नाही. पथ्य एकच: आकृती छापायच्या रुंदीतच काढायची. नंतर आक्रसली तर रेघा जवळ येतात, अक्षरं तेवढीच राहतात आणि एकमेकांवर आदळतात.

विद्यार्थ्याचा प्रबंध हाती आला की मी आधी आकृत्या पाहतो. स्क्रीनशॉट चिकटवलेला असेल तर मूळ फाइल मागतो. ती नसेल तर आम्ही दोघं बसून आकृती पुन्हा काढतो, आधी रकान्याची रुंदी मोजून.