मधले ८० दिवस

मंडळी, फोन उचलत नाही म्हणून बऱ्याच जणांच्या तक्रारी आल्यात. आवाज अजून घोगरा आहे, म्हणून लिहूनच सांगतो.

मानेच्या ऑपरेशनला सव्वा महिना झाला. पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. शर्टाची बटणं लागेनात, चालताना पाय भलतीकडे पडायचा. गळ्याच्या पुढून छेद घेऊन गादी काढली, टायटॅनियमची पट्टी बसवली. पुढून जातात म्हणून सुरुवातीला गिळायला त्रास होतो, आवाज बसतो. बोटांचा बधिरपणा मात्र महिनोन्महिने रेंगाळतो. आणि दोन मणके हाडाने जुळायला तीन महिने तरी लागतात, कधी वर्षही. (तंबाखूवाल्यांना त्याहून जास्त. आपल्या पत्रकार मित्रांनी नोंद घ्यावी.)

मुक्काम ठाकूरद्वारला, आत्याच्या चाळीत. दुसरा मजला, लाकडी जिना, संडास गॅलरीच्या टोकाला. कॉलर घातल्यावर खाली बघता येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण म्हणजे काय, ते जिन्यावर कळलं. पायरी दिसतच नाही! माझा एक हात कठड्यावर आणि ७४ वर्षांची आत्या पुढे उतरत मोजतेय, "आता नववी. झिजलीय हां, टाच टेकव." तिचे स्वतःचे गुडघे गेलेत.

नाक्यावर गिरगाव मेट्रो स्टेशन आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेलं. तिथे लिफ्टने जमिनीच्या पोटात जातो आणि वर येतो, मानेला कळतही नाही. टॅक्सीच्या धक्क्यांपेक्षा लाखपट बरं, त्यामुळे मेट्रोला नावं ठेवणार नाही. पण चाळीच्या दोन मजल्यांना लिफ्ट येणार ती पुनर्विकास होईल तेव्हा! आत्याच्या मजल्यावर दोन म्हातारी माणसं आहेत. कधीपासून रस्त्यावर उतरलेली नाहीत, विचारलं तर नीट आठवतही नाही त्यांना.

तरी माझं बरं चाललंय. आत्या आहे, फिजिओथेरपी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, बातम्या बसून लिहिता येतात. हॉस्पिटलात शेजारच्या खाटेवर आमच्याच बाजूचा एक हमाल होता. ऑपरेशन माझ्यासारखंच, पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून. ही योजना नसती तर त्याचा हात कायमचा गेला असता, हे आधी मान्य करू. पण योजनेत घरी सोडल्यापासून १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं बसतात. हाड जुळायला ९० दिवस. मधले ८० दिवस कोणाच्या खात्यात? त्या काळात ओझं उचलायचं नाही, आणि त्याचं पोट तर ओझ्यावरच. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट नाही. जिल्ह्याला जायचं तर एसटीत दीड तास मान सांभाळत बसायचं.

आमदार-खासदार योजनेची कार्डं वाटताना फोटो पाठवतात, आम्ही छापतो. पुढच्या वेळी या ८० दिवसांचं त्यांना विचारणार आहे.

परवा त्या हमालाचा फोन आला होता. "अर्धं पोतं उचललं तर चालेल का?" म्हटलं, बाबा, आधी डॉक्टरांना दाखव.

"दाखवायला मुंबईला यायचं भाडं, साहेब, अर्ध्या पोत्यात निघत नाही."