माळ्यावरची औजारं

कोकणात गल्फहून परतलेल्या माणसाच्या घरी एक पेटी हमखास सापडते. काळ्या जाड प्लास्टिकची, कडेला दोन क्लिपा, आत प्रत्येक वस्तूच्या मापाची खाच आणि झाकणावर 108 की 216 असा मोठा आकडा. खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण, कुठेही जा. विमानाच्या वजनात खजूर आणि अत्तर कमी करून माणसाने ती पेटी आणलेली असते. पहिल्या ईदला ती पाहुण्यांना उघडून दाखवतात, पुढच्या पावसाळ्यात ती माळ्यावर जाते.

तो आकडाच फसवा. 108 नगांमध्ये निम्म्याहून जास्त तर बोटाच्या पेराएवढे बिट आणि एल-आकाराच्या चाव्या असतात. आपल्याकडच्या दुचाकीचं बहुतेक काम 8, 10, 12, 14 आणि 17 च्या पान्यांवर भागतं. हे पाच पाने, एक बरी पक्कड, एक हातोडी, दोन पेचकस आणि टेस्टर, एवढ्यावर घर चालतं. पण पाच पाने भेट म्हणून कोण आणणार? पेटी आणली की परदेशात काहीतरी कमावलं असं दिसतं.

त्याहून वाईट हाल ड्रिल मशीनचे. सौदीत पूर्वी घरांमधून 127 व्होल्टची लाइन असायची. तिथून आणलेलं मशीन इथल्या 230 व्होल्टमध्ये लावलं की एकदा जोरात गरगरतं, जळका वास येतो आणि खेळ खलास. आमच्या मोहल्ल्यात अशी तीन मशीनं मी स्वतः पाहिलीत. एकाच्या मालकाने तर ते दुरुस्तीला न देता तसंच शोकेसमध्ये ठेवलंय, कारण वरून ते अजून नवंकोरं दिसतं.

आमच्या चाचांना मात्र हे सगळं ठाऊक होतं. बावीस वर्षं दम्माममध्ये त्यांनी गाड्याच खोलल्या होत्या. 2017 च्या जुलैपासून सौदी सरकारने सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला 100 रियाल शुल्क लावलं, आणि ते दर वर्षी वाढणार हेही सांगितलं. चाचांनी हिशेब केला आणि 2018 मध्ये बिऱ्हाड गुंडाळून ते चिपळूणला आले. रस्त्याला लागून पत्र्याची शेड घेतली आणि गॅरेज काढलं.

शहाण्या कारागिराचीही खरेदी कशी चुकते, हे मी तेव्हा पाहिलं. स्वस्त पेटीला न भुलणारे चाचा दम्माममधल्या गॅरेजच्या आठवणीला भुलले. तिथे होता तसा दोन खांबांचा लिफ्ट त्यांना हवा होता. बँकेचं कर्ज म्हणजे व्याज, ते नको, म्हणून चाचींच्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. चाची काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चाचाच पुढे म्हणायचे.

लिफ्ट बसल्यावर एकेक गोष्ट कळत गेली. तो थ्री फेजवर चालणारा होता आणि ते कनेक्शन मिळायला महिने गेले. खांब धरून ठेवेल इतकी जाड काँक्रीट जमिनीत नव्हती, ती फोडून पुन्हा ओतावी लागली. शेवटी गाडी वर नेली तर टप पत्र्याच्या कैचीला टेकायला लागला. म्हणजे माणूस ताठ उभा राहील इतकी गाडी वर जाईना, वाकूनच काम करायचं. तेच काम जॅक आणि घोड्यांवर झालं असतं.

कॉम्प्रेसरचीही तीच कथा. हवेवर चालणारी नट खोलायची गन भसाभसा हवा पिते, आणि छोटी टाकी चार नटांत रिकामी. मग टाकी भरेपर्यंत पोरगा पाना हातात घेऊन उभा! पावसात व्होल्टेज पडलं की मोटर नुसती हुंकारते, उठतच नाही. गाडीचा संगणक वाचणारा स्कॅनर घेतला, तो जुन्या गाड्यांना ठीक होता. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 च्या गाड्या आल्या आणि त्यातल्या पुष्कळशा त्याला वाचताच येईनात. नवीन सॉफ्टवेअरला पुन्हा पैसे. औजार एकदा विकत घ्यायचं आणि आयुष्यभर वापरायचं, या हिशेबात वाढलेल्या माणसाला हा प्रकार समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे नजर जाते. सुताराचा रंधा आणि उर्दूतला रंदा एकच. मिस्त्री पोर्तुगीजांकडून आला. अवजार, म्हणजे उर्दूतलं औज़ार, याचं नातं काही जण फारसीतल्या अफ़ज़ारशी लावतात. पण अरबीत औज़ार हा शब्द आहेच, विज़्रचं अनेकवचन, आणि त्याचा अर्थ होतो ओझी. कुराणात कोणी दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही असं सांगितलंय, तिथे हाच विज़्र आहे. हे मी चाचांना सांगितलं तेव्हा ते लिफ्टकडे बघून म्हणाले, "मास्तर, हे तुम्ही बांगड्या विकायच्या आधी सांगायला हवं होतं."

मग 22 जुलै 2021 उजाडला. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, ते काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. चाचांच्या शेडमध्ये छताखाली हातभर जागा उरली होती. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल उपसायला गेलो. लिफ्टची मोटर, कॉम्प्रेसर, स्कॅनर, ग्राइंडर, चार्जिंगचं ड्रिल, सगळ्यांच्या पोटात गाळ. वाइंडिंगवाल्याने नुसतं बघून मान हलवली. दम्माममध्ये पहिल्या वर्षी घेतलेले साधे घडीव पाने मात्र गाळाखाली तसेच पडले होते. चाचींनी ते घमेल्यात रॉकेल घेऊन भिजत घातले, तारेच्या ब्रशने घासले, तेल लावलं. आठवड्याच्या आत चाचा फुटपाथवर बसून लोकांच्या बुडालेल्या स्कूटर खोलत होते. काम इतकं होतं की रात्री पेट्रोमॅक्स लावावी लागे. लिफ्टचे खांब पुढे भंगारात गेले, किलोच्या भावाने.

घरोघरच्या खरेदीत मला सर्वांत भीती वाटते ती चार इंची ग्राइंडरची. लाकूड कापायला म्हणून लोक त्यावर दातेरी पाते चढवतात. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेणारं मशीन, पाते मोठं म्हणून गार्ड काढलेला, आणि गाठीत दाते अडकले की मशीन हातातून उसळतं. आमच्या एका माजी विद्यार्थ्याची दोन बोटं त्यात गेली. त्याला करवत चालवायला दहा मिनिटं जास्त लागली असती. दुकानदाराने पाते विकताना काही सांगितलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

गेल्या वर्षी दुसरा एक विद्यार्थी आला. हा सुतारकाम करतो, हात चांगला आहे. विश्वकर्मा योजनेत त्याचं नाव लागलं होतं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या या योजनेत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं. मराठीतला कागद वाचून घ्यायला तो माझ्याकडे आला होता. एका दुकानाने त्याला झगमगीत संच दाखवला होता, ड्रिल, जिगसॉ, सँडर, सगळं एका पेटीत. मी त्याला चाचांकडे नेलं.

चाचांनी त्याला आधी एकच विचारलं, "मागच्या सहा महिन्यांत दुसऱ्याकडून काय काय मागून आणलंस?"

पोराने बोटं मोजली. पॉवरचा रंधा चार वेळा. मोठा क्लॅम्प तर दर आठवड्याला. जिगसॉ एकदा. सँडर कधीच नाही.

"मग रंधा घे, क्लॅम्प घे, आणि उरलेल्या पैशात चांगल्या पोलादाच्या पटाश्या घे. जिगसॉ माग लोकांकडून."

त्याने मोबाइलवर यादी लिहून घेतली. जाताना त्याची नजर भिंतीकडे गेली, तिथे खिळ्यांवर पाने ओळीने टांगले होते. 17 च्या पान्याच्या टोकावर पुराचा तांबूस डाग अजून आहे. "हा विकणार का?" असं त्याने सहज विचारलं. चाची आतून म्हणाल्या, "त्यांना विचारू नकोस, मला विचार. आणि नाही."