मानधन नव्हे, फी

माझी धाकटी बहीण गेली अठरा वर्षे नाशिकला वास्तुरचनाकार म्हणून व्यवसाय करते आहे. कार्यालयात ती धरून पाच माणसे. तिची घरे चांगली असतात, या माझ्या म्हणण्याला फारसा अर्थ नाही. पण पाचही जणांचे पगार महिन्याच्या महिन्याला होतात, आणि मला नवल वाटते ते त्याचेच.

आपल्याकडे, निदान साहित्याच्या वर्तुळात, कला आणि व्यवहार यांची सोयरीक कमीपणाची मानली जाते. मासिकाने मानधन पाठवले की आपण संकोचतो, न पाठवले की खाजगीत कुरकुरतो. असो. वास्तुरचनाकाराला हा संकोच परवडत नाही. १९७२च्या वास्तुविशारद कायद्याखाली १९८९ साली आलेल्या आचारनियमांनी जाहिरातीवर बंधने घातली, दुसऱ्याचे काम हिरावून घेण्यास मनाई केली. उलट २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, हा कायदा 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखून ठेवतो, वास्तुरचनेचे काम नव्हे. तेव्हा लहान कार्यालयाकडे नवे काम येते ते बहुधा जुन्या अशिलाच्या शब्दावर. आणि तो शब्द पुष्कळदा 'पैशाला फार ताणत नाहीत हो त्या' असा असतो!

तीन वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी तिच्याकडून बंगल्याचे तीन आराखडे करून घेतले, 'घरी विचारून सांगतो' म्हणाले, आणि त्यांतला एक ठेकेदाराच्या हाती देऊन बांधून टाकला. करार झाला नव्हता. चहा झाला होता. त्यानंतर तिने साध्या मराठीत करारपत्र करायचे ठरवले आणि मसुदा माझ्याकडे आला.

पहिला प्रश्न शब्दाचाच होता. मानधन, मोबदला, शुल्क की फी? 'ताई, मानधन म्हटलं की माणूस पाकीट देतो, चेक नाही,' ती म्हणाली. मानधनात देणाऱ्याचे औदार्य असते, फीमध्ये घेणाऱ्याचा हक्क. मराठीच्या प्राध्यापिकेला परका शब्द स्वीकारताना जरा जड गेले, पण 'फी' राहिली.

'बदल' या शब्दाने मात्र आम्हांला दोन रविवार झुलवले. दोन वेळा बदल विनामूल्य, असे कलम. पण खिडकी फूटभर सरकवणे हा बदल, आणि सगळे नकाशे पुरे झाल्यावर वास्तुशास्त्र सांगणारे कोणी येऊन स्वयंपाकघर आग्नेयेला न्यायला लावतात, तोही बदलच? दुसऱ्यात जिना, नळ, तुळया सगळे हलते. कार्यालयाचा पंधरवडा जातो. शेवटी आम्ही लिहिले: 'भिंतींची जागा बदलल्यास ते नवे काम समजले जाईल.' इतके नेमके वाक्य मी आजवर कुठल्याही शोधनिबंधात लिहिलेले नाही.

फी टप्प्याटप्प्याने घ्यावी, हे तर जुनेच. तिने त्यात एवढीच भर घातली की, एका टप्प्याचे पैसे जमा झाल्याखेरीज पुढच्या टप्प्याचे नकाशे कार्यालयाबाहेर जाणार नाहीत. कारण बिल दिले की त्यावरचा १८ टक्के जीएसटी सरकारात भरावा लागतो, मग अशिलाचे पैसे दिवाळीनंतर का येईनात. काम भरपूर आणि बँकेत खडखडाट, ही अवस्था तिने पाहिलेली आहे.

या पत्रामुळे पहिल्या वर्षी दोन कामे गेली. एक जण म्हणाले, 'मॅडम, आपल्या माणसांत हे कागद कशाला?' ते दूरचे नातेवाईक असल्याने आईकडूनही बोलणी खावी लागली. सध्या सातवा मसुदा माझ्या टेबलावर आहे. 'अंतिम नकाशा' मधल्या 'अंतिम' वर आमचे अजून एकमत व्हायचे आहे.