घासून काढलेली कातडी

लेक पाच वर्षांची असताना तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या वळीत इसब उठला. मी ठरवूनच टाकलं, की हा मळ आहे. रोज कढत पाणी, जंतुनाशक साबण, वर डाळीचं पीठ लावून घासणं. ती रडायची, मी म्हणायचे, जरा कळ काढ. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके आणि तिच्या नखांत खपल्या.

मग गल्लीतल्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली. तीन दिवसांत खाज थांबली. लावणं बंद केलं की पुन्हा उठायचा, की पुन्हा ट्यूब. चार महिने. ट्यूबवर काय लिहिलंय ते मी वाचलंसुद्धा नाही. बुरशीच्या औषधाच्या जोडीला त्यात जहाल स्टेरॉइड होतं. कातडी पातळ होऊन खालच्या शिरा दिसायला लागल्या, तेव्हा कुठे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढलं. त्वचेच्या वरच्या थरातच शरीराचे राखणदार राहतात. १८६८मध्ये बर्लिनला शिकणाऱ्या पाउल लांगरहान्सला त्या फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या, तेव्हा त्याला त्या मज्जातंतूंच्याच वाटल्या होत्या. त्या आपल्या फांद्या फटींतून वर सारून बाहेरचा अंदाज घेतात, पण त्वचेची भिंत फुटू देत नाहीत. निरोगी त्वचेचा पीएच ५च्या आसपास, साध्या साबणाचा ९-१०. मी भिंतीतला तेलाचा गिलावाच रोज धुऊन काढत होते. फटी पडल्या की बाहेरचं आत शिरतं, राखणदार टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींना उठवतात, आणि इसबात या टी पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी फिलॅग्रिन हे भिंत घट्ट ठेवणारं प्रथिनच कमी तयार होतं. भिंत फुटली म्हणून राखणदार चवताळतात आणि ते चवताळले म्हणून ती आणखी फुटते.

हे सगळं ऐकूनही घरी येऊन मी ट्यूब फेकली, आणि बाईंनी मोजून दिलेलं सौम्य स्टेरॉइडसुद्धा भीतीपोटी लावलं नाही. मला सगळ्यात जास्त सलते ती ही चूक. आठवडाभरात हात असे भडकले, की तिला शाळेत पेन्सिल धरवेना. आतली आग शांत झाल्याशिवाय नुसत्या मॉइश्चरायझरने भिंत सांधत नव्हती.

आता अंघोळ कोमट पाण्याची, पटकन उरकायची. अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, आणि औषध बाई सांगतील तितकेच दिवस. लेक आठ वर्षांची झाली. डाव्या कोपराच्या वळीत कातडी अजून पातळ आहे. तिथं माझी बोटं गेली की ती आजही हात आखडून घेते.