जोंधळ्याला कळलेली संध्याकाळ

चिंचेचं झाड दिवेलागणीची वाट पाहत नाही. ऊन उतरणीला लागलं की त्याच्या इवल्या पर्णिका एकमेकींकडे झुकू लागतात आणि अंधार पडेपर्यंत जोडीजोडीनं मिटून जातात. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सिकंदराच्या आरमारातल्या अँड्रॉस्थेनीसनं आजच्या बहारीन बेटावर हे पाहिलं आणि लिहून ठेवलं. वनस्पतीच्या दिनक्रमाची ती सर्वांत जुनी नोंद मानतात. पुढे १७२९मध्ये फ्रान्सच्या द मेरां यांचं लाजाळूसारखं एक रोप काळोखात ठेवूनही वेळच्या वेळी उघडत-मिटत राहिलं.

चिंचपोकळीच्या चाळींना वेळ सांगायचा गिरणीचा भोंगा: पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. झाडाचा भोंगा त्याच्या पेशीपेशीत असतो. पहाटे सीसीए१ आणि एलएचवाय ही जनुकं जागी होतात. त्यांची प्रथिनं संध्याकाळच्या टीओसी१ला दाबून धरतात. दिवस कलता ती ओसरली, की टीओसी१ डोकं वर काढतं आणि सकाळच्या जोडीला आवरतं. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेच्या लाडक्या रोपात सुमारे एकतृतीयांश जनुकं या तालावर चढतात-उतरतात. दिवसा साठवलेला स्टार्चही ते रोप नेमका उजाडेपर्यंत पुरवतं.

माझा जीव मात्र जोंधळ्यात गुंतलेला. ज्वारीतलं पीआरआर३७ हे जनुक फुलोरा रोखून धरतं. पेशीतलं हे घड्याळ त्याला सकाळी आणि संध्याकाळी हाक देतं. पण संध्याकाळची हाक त्याला ऐकू येते ती उजेड असेल तरच. दिवस मोठे असेपर्यंत ती वेळ उजेडात येते आणि पीक नुसतं वाढत राहतं. दिवस आखडले की तीच वेळ अंधारात पडते, लगाम सुटतो, पीक पोटरीत येतं आणि निसवतं.

मोहोळच्या संशोधन केंद्रानं निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी म्हणजे सोलापूरकडच्या रब्बीचा मोठा आधार. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि जमिनीतल्या ओलीवर पोसायची. रब्बीच्या देशी वाणांना आखडत्या दिवसांची जाण असते. खळ्यावर वेळेत भरलेलं कणीस बियाण्यासाठी बाजूला काढणाऱ्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या ती जाण वेचली. घाटावरून गिरणीत आलेल्या माणसाच्या भाकरीत तिचाच वाटा होता.

कापणीनंतरही हे घड्याळ लगेच थांबत नाही. अमेरिकेच्या राइस विद्यापीठात दुकानातून आणलेल्या कोबीला दिवस-रात्रीचा उजेड-अंधार दिला, तेव्हा किडीला नकोशी द्रव्यं त्याच्या पानांत ठरल्या वेळी वाढू लागली आणि अळ्यांनी तो कमी खाल्ला. हा शोध २०१३चा. भाजीवालीच्या पाटीतला गड्डाही जिवंत आहे, दिवस-रात्र ओळखू शकतो.

आता पाऊस वेळ चुकवू लागला आहे. दिवसाची लांबी मात्र तारखेला बांधलेली. परतीचा पाऊस रेंगाळला आणि पेरणी मागे पडली, तर दिवसावर विसंबलेलं पीक पुरेसं वाढण्याआधीच निसवेल. अशा वेळी वेगळ्या चालीची घड्याळं लागतील आणि ती गावोगावच्या देशी वाणांत शोधावी लागतील. ही वाणं शीतपेटीत राखणं गरजेचंच. पण ती दरसाल शिवारात पेरलीही गेली पाहिजेत, बदललेल्या पावसात पारखली गेली पाहिजेत. ही पारख घरचं बियाणं निवडणाऱ्या बाईच्या हाताशी आहे. तिच्या कामाची गणना संशोधनात व्हावी आणि त्याचं मोल तिच्या पदरात पडावं.